हलकी रायफल : काट्यावरची आणि खांद्यावरची

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत होतो तेव्हा कर्ज कसं घ्यावं हे लोकांना सांगत होतो. आज बंदूक कशी घ्यावी हे सांगायला उभा आहे. घाबरू नका, छर्ऱ्याचीच आहे! लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावरची लांब बॅग बघून "काका, गिटार शिकताय का?" असं विचारणाऱ्या मुलांनाही आज उत्तर मिळेल.

२०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि आपल्याकडेही दोन-तीन घरांत नेमबाजीची चर्चा सुरू झाली. ती स्पर्धा काडतुसाच्या रायफलची. शिकायला सुरुवात मात्र बहुतेक जण १० मीटर एअर रायफलनं करतात. स्पर्धेच्या नियमानं ही रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. मंडईतून तेवढ्या वजनाची पिशवी आणताना आपण चार वेळा हात बदलतो. इथे ती खांद्याशी धरून ७५ मिनिटांत ६० वेळा स्थिर राहायचं असतं.

मी निवृत्तीनंतर हा छंद धरला. अडुसष्टाव्या वर्षी डाव्या खांद्याचा स्नायू फाटला. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही. घरून हुकूम आला, "आता पुरे." छंद सोडायचा की रायफल बदलायची, असा प्रश्न होता. मी रायफल बदलायचं ठरवलं आणि त्या शोधात जे समजलं तेच आज सांगतो.

दुकानदाराला "हलकी दाखवा" म्हटलं की तो काट्यावर हलकी असलेली दाखवतो. पण वजन ही खात्यातली एकच नोंद झाली. बाकीच्या नोंदीही तपासाव्या लागतात.

पहिली नोंद ताण देण्याची. स्वस्तातली स्प्रिंगची रायफल साधारण अडीच ते साडेतीन किलोची असते. दर छर्ऱ्याला तिची नळी वाकवून स्प्रिंग दाबावी लागते. त्याला समजा १२ किलोचा जोर लागला आणि दिवसाला ४० छर्रे मारले, तर ४८० किलोचा हिशोब होतो! त्यात नळी आखूड असली तर रायफल हलकी होते, पण तरफ लहान झाल्यामुळे वाकवायला जोर जास्त लागतो. शिवाय स्प्रिंग तेवढीच आणि रायफल हलकी असेल तर धक्काही जास्त बसतो. दुखऱ्या खांद्याला अशी 'हलकी' रायफल जडच पडते.

दुसरा प्रकार पीसीपी. यात सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा भरलेली असते, स्पर्धेच्या रायफलीत साधारण २०० बारपर्यंत. खटका दोन बोटांनी ओढता येतो, धक्का जवळजवळ नाहीच. संधिवात किंवा खांदेदुखी असलेल्यांना हाच प्रकार सोयीचा. फक्त हातपंपानं हवा भरायला चांगलाच दम लागतो, म्हणून रेंजवरच्या मोठ्या टाकीतून भरून घ्यावी. सिलिंडरची मुदतही बघावी, गॅसच्या सिलिंडरची बघतो तशी.

दुसरी नोंद तोलाची. वजन नळीच्या टोकाकडे असेल तर तीन किलोसुद्धा डाव्या हाताला ओढतं. दुकानात रायफल एक मिनिट धरून उभे राहा. डावं कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडावर टेकवा, म्हणजे भार स्नायूंऐवजी हाडं घेतात. मिनिटाच्या आत हात थरथरला तर ती आपली रायफल नव्हे.

तिसरी नोंद मापाची. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोट ट्रिगरपर्यंत सहज पोहोचतं का ते बघा. मान आखडत असेल तर गाल टेकवायची पट्टी वर-खाली होणारी घ्या. मान रायफलीकडे वाकवू नका, रायफल गालापर्यंत आणा. डोळ्यांसाठी मागची साइट बारीक भोकाची असावी. त्या भोकातून पुढची साइट आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. पेसमेकर असलेल्यांनी खांद्याला दस्ता लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीचा डावा हात जन्मापासून अशक्त आहे. शाळेत खेळाच्या तासाला तिला बाकावर बसायला सांगत. तिच्या बाबांनी मला विचारलं, "काका, कर्ज काढून भारी रायफल घेऊ की हा नाद सोडायला लावू?" मी म्हटलं, दोन्ही नको. सहा महिने रेंजवरची लहान मुलांची हलकी रायफल वापरा आणि हाताऐवजी स्टँडवर टेकवू द्या.

स्टँड म्हणजे लबाडी नव्हे. पॅरालिंपिकमध्ये एसएच-२ हा गटच अशा नेमबाजांचा आहे. रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकते, नेम आणि ट्रिगर खेळाडूचा. एसएच-१ गटात रायफल स्वतः पेलावी लागते. त्या गटात जयपूरच्या अवनी लेखरा यांनी व्हीलचेअरवरून टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन पॅरालिंपिक सुवर्णपदकं जिंकली, दोन्ही १० मीटर एअर रायफलमध्ये. आपली मुलगी पदक आणेल की नाही मला ठाऊक नाही. पण ती आता बाकावर बसत नाही. शनिवारी सकाळी तीच माझ्या दारावरची बेल वाजवते, "आजोबा, चला, उशीर होतोय."

शेवटी कमिटीच्या वतीनं नाही, माझ्या वतीनं दोन सूचना. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती खेळणं ठरत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा डोळा घालवू शकतो. गच्चीवर, पार्किंगमध्ये, कबुतरांवर अजिबात नाही. चालवायची ती फक्त रेंजवर. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा घरी आल्यावर साबणानं हात धुवून मगच चहा.

ज्यांना हातात घेऊन बघायची आहे त्यांनी शनिवारी माझ्याबरोबर रेंजवर यावं. गुडघे दुखत असले तरी चालेल, तिथे खुर्ची आहे.