कुलूपबंद प्रयोगशाळा आणि अनुदानाचे अर्थकारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या माणसाने विज्ञानशिक्षणावर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु विषय अनुदानाचा आहे, आणि अनुदान कोठून निघते व कोठे जिरते हे पाहण्यातच माझे आयुष्य गेले.

प्रथम एका कपाटाविषयी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानासाठी गेलो असता तेथील माध्यमिक शाळा पाहण्याचा योग आला. प्रयोगशाळेत काचेचे कपाट होते. आत परीक्षानळ्या, तराजू, दोन सूक्ष्मदर्शक, सारे नवे कोरे. आणि कपाटाला कुलूप. विज्ञानाच्या बाई शिक्षणसेविका होत्या. विचारले तेव्हा संकोचून म्हणाल्या, "सर, डेडस्टॉक रजिस्टरला सगळं माझ्या नावावर आहे. काही फुटलं तर भरून कोण देणार?" माध्यमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली १८ हजार रुपये झाले, त्यापूर्वी ते ८ हजार होते. त्या मानधनातून सूक्ष्मदर्शक भरून देता येत नाही. तेव्हा मुलांनी वर्षभर सूक्ष्मदर्शकाचे चित्र काढले. चित्रे सुबक होती, हेही सांगितले पाहिजे.

शासनाच्या दप्तरी ह्या कपाटाचा हिशेब चोख असणार. रक्कम मंजूर झाली, खरेदी झाली, उपयोगिता प्रमाणपत्र रवाना झाले. उपयोगिता ह्या शब्दाला आमच्या शास्त्रात काही अर्थ आहे. ह्या प्रमाणपत्रात मात्र पैसा खर्ची पडला एवढाच त्याचा अर्थ उरतो. वस्तूंवरील एकरकमी खर्च सर्वांनाच सोयीचा असतो. पुरवठादाराला नफा मिळतो, पुढाऱ्याला उद्घाटन मिळते, अधिकाऱ्याला बिल मिळते. शिक्षकाच्या समजेवर केलेला खर्च दरवर्षी करावा लागतो, आणि त्याची फीत कापता येत नाही.

२०१६ पासून निती आयोगाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या. शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान. त्यांपैकी १० लाख उभारणीसाठी, १० लाख जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. अशा सुमारे १० हजार प्रयोगशाळा झाल्या, आणि पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी ५० हजार उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. मी ह्या योजनेची टवाळी करणार नाही. खेड्यातील मुलाने त्रिमितीय छपाईचे यंत्र हाताळावे, ह्यात वाईट काय आहे? माझा प्रश्न सहाव्या वर्षाचा आहे.

ह्याच्या उलट टोकाचा एक प्रयोग आपल्या शेजारी झाला, आणि आपल्या चळवळीने त्याचा पुरेसा अभ्यास केला नाही, असे मला वाटते. मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी सहावी ते आठवीच्या १६ सरकारी शाळांत नव्या पद्धतीने विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील वैज्ञानिक त्यात सामील झाले. १९७८ साली कार्यक्रम सबंध जिल्ह्यात गेला, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य'ने पुढे त्याची धुरा घेतली. 'बाल वैज्ञानिक' ह्या कार्यपुस्तिकेत तयार उत्तरे नव्हती. मुलांनी टोळीटोळीने प्रयोग करावयाचे, निष्कर्ष स्वतः लिहावयाचे, आणि परीक्षेला तेच पुस्तक उघडे ठेवून बसावयाचे.

साहित्य अत्यंत स्वस्त होते. पुण्याच्या टेल्कोतील एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, १९७८ साली रजा घेऊन तेथे गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. फुटण्याची भीतीच नाही, म्हणून कुलपाचीही गरज नाही! परंतु मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. पैसा आणि श्रम मुख्यतः शिक्षकावर वेचले गेले. उन्हाळ्यांतील प्रदीर्घ प्रशिक्षणे आणि परिसरातील शिक्षकांची दरमहा बैठक ही शासकीय कर्तव्य मानली गेली, त्यांचा प्रवासभत्ता मिळाला. कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविलेले शाळा-संकुल तेथे प्रत्यक्षात दिसू लागले. वर्गात फसलेला प्रयोग शिक्षक बैठकीत निःसंकोच मांडी, आणि विद्यापीठातला प्राध्यापक त्याच्या शेजारी बसून तो पुन्हा करून पाही.

२००२ साली राज्यशासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने संपले. शासनाबाहेर राहून आदर्श शाळेची चार बेटे चालविली असती तर ती कदाचित आजही चालली असती, असे काही मित्र म्हणतात. मला ते मान्य नाही. गरिबाचे मूल सरकारी शाळेतच असते, म्हणून प्रयोग तेथेच झाला पाहिजे होता. उणीव ही राहिली की बैठकीचा तो दिवस आणि तो भत्ता हा शिक्षकाचा हक्क झाला नाही. ती शासनाची मर्जी राहिली.

महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. परिपत्रके वाचून दाखविण्यातच दिवस सरतो, अशी शिक्षकांची तक्रार माझ्या कानी येते. आपण आजवर वेतनाच्या अनुदानासाठी मोर्चे काढले, आणि ते योग्यच होते. उपाशी शिक्षकाला विज्ञान शिकव म्हणणे हा निर्लज्जपणा आहे. पण वेतनाच्या पलीकडची मागणी आपल्या पत्रकांत मला क्वचितच दिसली. प्रत्येक विज्ञान अनुदानात मोडतोडीसाठी काही वाटा राखावा, शिक्षकाकडून वसुली करू नये. आणि महिन्यातला एक दिवस विज्ञानशिक्षकांच्या बैठकीला पगारी व भत्त्यासह मिळावा. एवढ्या दोन मागण्यांना मोठा निधी लागत नाही.

आपल्यापैकी काहीजण शाळांच्या संचालक मंडळांवर आहेत, हे मला ठाऊक आहे. पहिल्या मागणीसाठी त्यांना मंत्रालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. पुढच्या सभेत ठराव करून, फुटलेल्या नळीची किंमत संस्था सोसेल, असे डेडस्टॉकच्या पहिल्या पानावर लिहून द्यावे. आता आपले प्रश्न घेतो.