कल्हईपासून प्लाझ्मापर्यंत



पितळी भांड्याला कल्हई लावणारा कारागीर आधी ते भांडे खसखसून घासतो. मळ राहिला तर कथील धरत नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. आजच्या अतिप्रगत धातुलेपनाचा पहिला पाठही हाच आहे.

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर टंगस्टन ३४२२ अंशांना! अशा उच्चतापसह धातूचा लेप द्यावयाचा कसा? आर्गॉन वायूतून विद्युत्-प्रज्योत नेली की दहा हजार अंशांहून तप्त असा प्लाझ्माचा झोत निर्माण होतो. त्यात सोडलेली धातूची भुकटी वितळते, वेगाने पृष्ठभागावर आदळते आणि तिचे थेंब चपटे होऊन तत्क्षणी गोठतात. थरावर थर चढत जातो.

जर्मनीत गार्शिंग येथील ‘अ‍ॅसडेक्स अपग्रेड’ या अणुसंलयन यंत्रात १९९५-९६ साली ग्राफाइटच्या फरशांवर असा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा टंगस्टन लेप देऊन पाहण्यात आला. ग्राफाइट उष्णतेला दाद देत नाही. परंतु ते झिजते आणि हायड्रोजन धरून ठेवते. संलयनाच्या भट्टीत किरणोत्सारी ट्रिटियम असे भिंतीत अडकणे परवडणारे नसते. २००७ पर्यंत त्या यंत्राची प्लाझ्मासमोरील संपूर्ण भिंत टंगस्टनची झाली. ज्या ‘ईटर’ प्रकल्पात भारत २००५ साली सहभागी झाला, त्यानेही २०२३ मध्ये आतील भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टनची निवड केली.

मात्र न वितळणारा धातू अजिंक्य नसतो. तापलेल्या टंगस्टनला हवेतील प्राणवायू खातो. म्हणून उत्तम लेपासाठी फवारणी कमी दाबाच्या बंद कक्षात करतात. लेप आणि त्याखालचा पदार्थ उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. बंध कच्चा असेल तर लेप सुटतो. त्यासाठी कठीण कणांचा मारा करून पृष्ठभाग आधी स्वच्छ व खडबडीत करावा लागतो.

आपल्या घरातील मुलाने शास्त्रज्ञ व्हावे, असे आपल्याला वाटते, ते योग्यच आहे. परंतु पृष्ठभाग सिद्ध करणारा, भुकटी चाळणारा, झोताचे अंतर सांभाळणारा तंत्रज्ञ आपल्या गौरवाच्या यादीत कुठे असतो? प्रयोगशाळेचे ज्ञान आणि कार्यशाळेचे कौशल्य यांतील बंध कच्चा राहिला, तर स्वावलंबनाचा लेपही पहिल्याच तापात सुटेल. तो बंध पक्का करण्याचा आरंभ, हाताने काम करणाऱ्याला मान देणाऱ्या घरांतूनच होईल.