लाइट गेल्यावर : घरगुती जनरेटर निवडताना

(गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



सचिवांनी मला विषय दिला, "काका, जनरेटरवर बोला." मी म्हटलं, अरे, मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, इंजिनिअर नाही. तर ते म्हणाले, "पण सोसायटीत पहिला जनरेटर तुम्हीच आणला होता ना?" हे मात्र खरे आहे. त्यावरून जे रामायण झाले तेही जुन्या सभासदांना आठवत असेल. नव्या मंडळींना ते माहीत नाही, म्हणून आज सगळेच सांगतो. आपल्या तीन-चार घरांतून "एक छोटा जनरेटर घेऊन टाकावा" अशी चर्चा ऐकू येते आहे, तेव्हा वेळही बरी आहे.

आधी थोडा इतिहास. आपण इथे राहायला आलो २००० साली. पुढच्याच वर्षी दाभोळचा वीजप्रकल्प बंद पडला. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण अशा कंपन्या झाल्या, पण आपण अजूनही 'एमएसईबी'च म्हणतो. त्याच सुमारास भारनियमन वाढत गेले. मुंबईला सूट, बाकी महाराष्ट्राला अंधार. पुढे तर गळती आणि वसुली बघून फीडरचे गट पाडले. ज्या भागात चोरी आणि थकबाकी जास्त, तिथे लोडशेडिंग जास्त. गंमत अशी की एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र आपल्या नाशिकरोडच्या शेजारी. २१० मेगावॅटचे तीन संच तिथे, आणि आपण घरात मेणबत्त्या शोधतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्या दिवसांत मेन रोडला, एमजी रोडला संध्याकाळी प्रत्येक दुकानाबाहेर फुटपाथवर एक छोटे मशीन धडधडत असायचे. बिर्ला यामाहा, श्रीराम होंडा ही नावे तेव्हा घरोघरी झाली होती. काही मॉडेल पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायची. त्या धुराचा वास अजून नाकात आहे.

२००६ सालचा डिसेंबर. माझी मुलगी बारावीला. संध्याकाळी अभ्यासाच्या ऐन वेळी लाइट जायचे. मी दुकानात गेलो आणि ६५० व्हीएचा जनरेटर घेतला. दुकानदार म्हणाला, "साहेब, अख्खं घर चालतं यावर." बँकेत कर्ज मंजूर करताना दहा कागद बघणारा मी, पण इथे एकही प्रश्न विचारला नाही. घरी आणला आणि मागच्या ड्राय बाल्कनीत ठेवला. दोर ओढला, चालू झाला. ट्यूब लागल्या, पंखा फिरला. फ्रिज लावला आणि मशीन घुसमटून बंद पडले. म्हटलं, जाऊ दे, फ्रिज नको. मुलीच्या टेबलावर उजेड आहे ना, बास.

तिसऱ्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे आबा खाली आले. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, दोन-अडीच महिन्यांचे बाळ घरात. थंडी म्हणून पुढच्या खिडक्या बंद, मागची स्वयंपाकघराची तेवढी उघडी, नेमकी माझ्या बाल्कनीच्या डोक्यावर. आबा म्हणाले, "भाऊ, मशीन बंद करा. पोरीचं डोकं दुखतंय, उलटी झाली." आणि मी काय म्हणालो? "आबा, धूर वर हवेत निघून जातो. मुलीची परीक्षा आहे हो." दाराशी उभे राहून आम्ही दोघांनी आवाज चढवले. शेवटी माझ्या मुलीनेच आतून येऊन जनरेटर बंद केला. डॉक्टर आले. त्यांनी आधी सगळ्यांना बाहेर गच्चीवर नेले, खिडक्या सताड उघडायला लावल्या. सकाळपर्यंत आई आणि बाळ दोघेही ठीक झाले. देवाची कृपा, दुसरे काय म्हणणार?

डॉक्टर मला जे बोलले ते आज तुम्हाला सांगतो. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. जो वास येतो तो धुराचा, या वायूचा नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. खिडकी उघडी ठेवली म्हणजे भागले असे नाही. जनरेटर घरात, बाल्कनीत, जिन्याखाली, बंद पार्किंगमध्ये चालवायचा नाही म्हणजे नाही. उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, आणि धुराचे तोंड इमारतीच्या उलट दिशेला.

आता मला सांगा, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाकडे स्वतःची अशी जागा असते का? नसते. म्हणून माझे पहिले सांगणे हेच की कंपनी, किंमत, डिस्काउंट हे सगळे नंतर. आधी जागा ठरवा. आणि जागा सोसायटीची असल्यामुळे तो निर्णय एकट्याचा नाही.

त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झाले, वरच्या वहिनी आल्या नाहीत. आमच्या सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, पण वाणाची एक वाटी तशीच बाजूला राहिली, ती मी रोज बघत होतो. आठवड्याने मीच वर गेलो, आबांची आणि त्यांच्या लेकीची माफी मागितली. आबा दोन मिनिटं गप्प राहिले. मग म्हणाले, "मशीन ठेवा भाऊ, जागा बदला." आम्ही दोघांनीच ते मशीन उचलून खाली मागच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात नेले.

पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला. माझा छोटा विकून, थोडी वर्गणी काढून, सोसायटीने २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतला. त्या वेळी मी जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिले, गरज. खरेच जनरेटर हवा का? १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. हाती येतात साधारण बाराशे. चार दिवे, दोन पंखे आणि टीव्ही मिळून ३०० वॅट धरले तर चार तास निघतात. धूर नाही, आवाज नाही. दोन-तीन तास लाइट जाण्याला इन्व्हर्टर पुरेसा आहे. जनरेटर लागतो तो त्यापुढे. वळवाच्या वाऱ्यात झाड पडले, ट्रान्सफॉर्मर जळाला, रात्र रात्र लाइट नाहीत, किंवा घरात यंत्रावर अवलंबून असलेला रुग्ण आहे.

दुसरे, हिशेब. कागद-पेन्सिल घ्या. चार एलईडी ट्यूब ८० वॅट, तीन जुने पंखे २२५, टीव्ही १००, राउटर १०. झाले ४१५. फ्रिज चालताना २०० धरा, पण सुरू होताना क्षणभर तिप्पट-चौपट ओढतो, म्हणजे ८०० पर्यंत. माझा ६५० चा याच ठिकाणी बसला. म्हणजे एका घराला सव्वा हजार वॅटची तयारी हवी. गीझर, इस्त्री, एसी यात धरायचेच नाहीत. आणि पाण्याची एक हॉर्सपॉवरची मोटर चालताना साडेसातशे वॅट, पण सुरू होताना दोन-अडीच हजारांच्या वर जाते. छोट्या जनरेटरवर ती लावू नका.

तिसरे, पाटीवरचा आकडा. केव्हीए म्हणजे किलोवॅट नव्हे. २ केव्हीएला ०.८ ने गुणा, १६०० वॅट. शिवाय पाटीवर 'मॅक्स' आणि 'रेटेड' असे दोन आकडे असतात. दुकानदार पहिला सांगतो, आपण दुसरा वाचायचा. आणि त्याच्याही पाऊण भाग इतकाच लोड कायम ठेवायचा.

चौथे, वीज कशी येते. साध्या जनरेटरचा व्होल्टेज वरखाली होतो, काही इन्व्हर्टर आणि यूपीएस ती वीज घेतच नाहीत. कॉम्प्युटर किंवा वैद्यकीय उपकरण चालवायचे असेल तर इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर घ्या. महाग असतो, पण आवाज कमी आणि पेट्रोलही कमी. डिझेलचा मोठा संच घेतलात तर तो सायलेंट कॅनोपीचाच हवा. १ जानेवारी २००५ नंतर बनलेल्या डिझेल संचांना एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे.

पाचवे, खर्च. एक लिटर पेट्रोलमधून जेमतेम दीड-दोन युनिट निघतात. आजच्या भावाने युनिट पन्नास-साठ रुपयांना पडते. तेव्हा जनरेटर ही अडीअडचणीची सोय, रोजची नाही. आणि विकत घेताना विचारा, स्पेअर पार्ट आणि मेकॅनिक नाशिकमध्ये मिळतो का? मशीन मुंबईला पाठवावे लागणार असेल तर स्वस्त मिळूनही उपयोग नाही.

सहावे सगळ्यात महत्त्वाचे. काही घरांत दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये सोडतात. हे कधीही करू नका. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये २३० ची ११,००० व्होल्ट होते, आणि खांबावर लाइन बंद आहे असे समजून काम करणारा वायरमन जिवाला मुकतो. आपले लाइट आणायला भर पावसात जो माणूस चढला आहे, त्याचाच जीव आपण घ्यायचा? परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग करून घ्या. गच्चीवर सोलर बसवलेले लोक तक्रार करतात की लाइट गेले की सोलरही बंद होते. तेही याच कारणासाठी आहे. बॅटरी नसलेले साधे सोलर अंधारात उपयोगी पडत नाही, हे पैसे भरण्याआधी समजून घ्या.

आता सातवी गोष्ट, देखभाल. ही आम्हाला २०२१ च्या एप्रिलमध्ये कळली. भारनियमन सरले होते, जनरेटर शेडमध्ये झाकून ठेवलेला. करोनाची दुसरी लाट आली. आबा आजारी पडले, दवाखान्यात जागा मिळेना, घरीच ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला. ३५० वॅटचे यंत्र. एका रात्री वारे सुटले आणि लाइट गेले. त्यांच्या इन्व्हर्टरवर यंत्र, पंखा आणि एक दिवा, म्हणजे फार तर अडीच-पावणेतीन तास. आम्ही खाली धावलो. दोर ओढून ओढून हात दुखले, जनरेटर काही सुरू होईना. आठ-नऊ महिने चालवलेलाच नव्हता, पेट्रोल जुने होऊन कार्बुरेटर चिकटला होता. सी विंगमधल्या एका मुलाने मोबाइलच्या उजेडात कार्बुरेटर खोलला, प्लग साफ केला, आपल्या मोटरसायकलमधले ताजे पेट्रोल काढून घातले. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात वरून वहिनी दर पाच मिनिटांनी गॅलरीत येऊन विचारत होत्या, "झालं का हो भाऊजी?" मी "होतंय, होतंय" म्हणत होतो आणि माझे पाय लटपटत होते.

झाला एकदाचा सुरू. कंपाउंडच्या कोपऱ्यातून जाड केबल वर नेली, पहाटेपर्यंत चालला. आबा त्या आजारातून उठले. पुढे दोन वर्षांनी वयोमानाने गेले. त्यांचे ते बाळंतपणाच्या वेळचे नातवंड आज इंजिनिअरिंगला आहे.

तेव्हापासून नियम केला. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, पंधरा मिनिटे लोड देऊन जनरेटर चालवायचा. बराच काळ लागणार नसेल तर पेट्रोल काढून टाकायचे. ऑइल पुस्तकात दिल्याप्रमाणे बदलायचे. पेट्रोल भरताना मशीन बंद करून थंड होऊ द्यायचे. वहीत तारीख आणि सही. बँकेची सवय, दुसरे काय!

आता तो जनरेटर थकला आहे. म्हणून माझी विनंती आहे, चार घरांनी चार मशीन आणू नका. २००६ साली पुण्यात कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपापले जनरेटर चालवले, वाचलेली वीज शहराला मिळाली, आणि नागरिकांनी त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजले. एकत्र येऊन मार्ग निघतो, तो असा. आपणही येत्या सभेत ठराव करू. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, आणि रुग्ण असलेल्या घराला एक स्वतंत्र लाइन, एवढ्यासाठी एकच चांगला संच. मोठ्या संचाला विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते, ती रीतसर घेऊ. कोपरा तोच, आबांनी आणि मी मिळून ठरवलेला. फक्त वहीवर सही करायला आता तरुण मंडळींपैकी कोणीतरी पुढे यावे. माझ्याने दोर ओढवत नाही.

 सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!