‘आ’ करा, कॅमेऱ्याकडे बघा!

(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेलं भाषण)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण गेल्या उन्हाळ्यात आईच्या दुखण्याने मला जे शिकवलं, ते तुम्हाला सांगावं असा कार्यकारिणीचा आग्रह झाला, म्हणून उभी आहे.

आई न्यू जर्सीला आमच्याकडे आली होती. ठेच्याशिवाय जिला घास उतरत नाही, ती रोज दहीभात मागू लागली. चहासुद्धा कोमट! आम्हाला वाटलं, घरची आठवण येत असेल. एका रात्री ती बेसिनच्या आरशात जीभ काढून बघताना दिसली. जिभेवर आणि गालांच्या आत फुटक्या दह्यासारखे पांढरे डाग. ‘‘कधीपासून?’’ तर म्हणे, ‘‘झाले दहा-बारा दिवस. इथले डॉक्टर म्हणजे डॉलरचा चुराडा, म्हणून बोलले नाही.’’

गावच्या डॉक्टरांना फोन केला असता, पण त्यांची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टरकडेही सहसा पेशंट ज्या राज्यात बसला आहे, तिथला परवाना लागतो. २०२० च्या कोविडनंतर ही सोय खूपच वाढली आहे. दुसऱ्याच दिवशीची वेळ मिळाली. फी आधी कळली, त्यामुळे आईही तयार झाली!

आईला खिडकीसमोर बसवलं, टॉर्च धरला, फोटो आधीच पाठवले होते. डॉक्टरीणबाईंनी ओल्या गॉजने डाग हलकेच पुसायला सांगितला. तो निघाला, खाली लालसर दिसलं. मग प्रश्न सुरू झाले. दम्याचा पंप घेता? त्यात स्टेरॉइड आहे? घेतल्यावर चूळ भरता? (आई म्हणाली, ‘‘पाणी पिते की!’’) मधुमेह? अँटिबायोटिक? कवळी? आणि शेवटी, तंबाखू?

मी आईला न विचारताच ‘‘नो, नो’’ म्हणून मोकळी झाले. दुभाषी मीच होते ना! आईने माझा हात दाबला. ‘‘खरं सांग त्यांना. मी मिश्री लावते.’’ माझ्याच घरात, माझ्यापासून लपवून! आणि मग हळूच, ‘‘हा कॅन्सर तर नाही ना, एवढं विचार.’’

मंडळी, डॉलर हे निमित्त होतं. ती बाई दहा दिवस ही भीती गिळत होती.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, हा थ्रश दिसतोय. कँडिडा नावाची बुरशी पुष्कळांच्या तोंडात थोडीफार असतेच. पंपातलं स्टेरॉइड तोंडात राहिलं की ती माजते. औषध निस्टॅटिनचं: पाच मिलिलिटर, दिवसातून चार वेळा, तोंडात जमेल तितका वेळ घोळवून मग गिळायचं, आणि डाग गेल्यावरही दोन दिवस चालू ठेवायचं. पंप मनाने बंद करायचा नाही. तो स्पेसर लावून घ्यायचा आणि नंतर चूळ भरून थुंकायची. पण मिश्रीमुळे तोंड एकदा दातांच्या डॉक्टरांनी समोर बसवून बघायलाच हवं, असं त्यांनी बजावलं. पुसून न निघणारा पांढरा डाग असेल तर त्याचा निकाल कॅमेऱ्यावर लागत नाही.

आठवड्याभरात आईने ठेचा मागितला. दातांच्या डॉक्टरांनीही तोंड नीट तपासून काळजीचं काही नाही, असं सांगितलं. मिश्री सुटली का? कमी झाली आहे. खोटं कशाला बोलू?

तेव्हा लक्षात ठेवा. गिळताना दुखत असेल, ताप असेल, डाग पुसला जात नसेल किंवा दोन आठवड्यांत उतार नसेल, तर व्हिडिओवर थांबू नका. थ्रश पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा, इतर कारणंही डॉक्टरांना शोधू द्या. चालू औषधांची यादी हाताशी ठेवा. थ्रशवर फ्लुकोनॅझोलची गोळीही देतात, आणि तिचं वॉर्फरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाशी जमत नाही.

आणि आई-बाबांचे दुभाषी होणाऱ्यांना एक विनंती. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवा, उत्तर त्यांना देऊ द्या. मी ‘‘नो, नो’’ म्हणाले तेव्हा आईने माझा हात दाबला, म्हणून बरं!