निरोपाआधीचे दिवस



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी बेळगावातील कित्येक पिढ्यांना लिहिते-वाचते केले. परंतु आई-वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी कसे बसावे, हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसतो. तो गिरवावा मात्र बहुतेकांना लागतो. म्हणून आज हाच विषय मी निवडला आहे.

असाध्य आजाराचे निदान झाले की दुःख मृत्यूच्या आधीच घरात मुक्कामाला येते. माणूस समोर बसलेला असतो, चहा मागत असतो, आणि आपण मनातल्या मनात त्याच्यावाचूनचे घर पाहू लागतो. मग स्वतःचीच लाज वाटते. एरिक लिंडमन या मानसोपचारतज्ज्ञाने १९४४ सालच्या आपल्या निबंधात वियोगाआधीच्या अशा शोकाची नोंद केली आहे. हा शोक म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. ती मायेचीच एक बाजू आहे.

आपल्या संतांना हे ठाऊक होते. १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरील अभंग आठवून पाहा. दिवस ठरलेला आहे, तयारी चालू आहे आणि नामदेव व्याकूळ झाले आहेत. ज्ञानदेवांचे गुरू असलेल्या निवृत्तिनाथांनाही दुःख आवरत नाही. ज्ञान असले म्हणजे अश्रू येऊ नयेत, असे त्या मंडळींनी मानले नाही. पण रडता रडता ते जवळच राहिले, हे अधिक महत्त्वाचे.

आपल्या घरांतून मात्र एक वेगळेच नाटक चालते. तपासणीचे कागद व्हरांड्यात वाचले जातात आणि आत येऊन सांगितले जाते, "अप्पा, जरा अशक्तपणा आहे." माझ्या परिचयातील एका दुकानदार गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या खतावणीत त्यांच्याच हातची यादी सापडली: कोणाचे देणे, कोणाकडून येणे, कोणाचा आहेर परत करावयाचा. म्हणजे त्यांना सारे कळले होते. चार महिने बाप मुलांना जपत होता, मुले बापाला जपत होती आणि बोलावयाचे ते राहून गेले. सत्य कोणावर लादू नये, हे खरेच. परंतु "अप्पा, तुम्हाला काय वाटतं?" एवढे विचारावे आणि ते जेथवर बोलतील तेथवर त्यांच्याबरोबर जावे.

"आता करण्यासारखे काही उरले नाही," हे वाक्यही अर्धेच खरे आहे. रोग हटत नसला तरी वेदना हटविता येतात. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढले आणि शरीराच्या वेदनेबरोबर मनाची, कुटुंबाची, श्रद्धेची वेदनाही उपचाराच्या कक्षेत आणली. १९८६ साली मुंबईत शांती आवेदना आश्रम उभा राहिला. १९९३ साली कोझिकोडेला परिहार सेवेचे काम सुरू झाले. मॉर्फिन मिळण्यातील अडचणी कमी व्हाव्यात म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. अखेरीस कोणते उपचार नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. डॉक्टरांना या गोष्टी विचारण्यात संकोच नसावा.

परगावी असलेल्या माजी विद्यार्थ्यांना एक सांगावेसे वाटते. 'श्यामची आई' आपण सर्वांनी वाचली आहे. श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. ते शल्य आजही कित्येकांच्या वाट्याला येते. शक्य असेल तर आधी या. आणि याल तेव्हा तपासनीस म्हणून येऊ नका. शुश्रूषेचा भार बहुधा सुनेवर, लेकीवर किंवा थकलेल्या जोडीदारावर असतो. चार रात्री त्यांना झोपू द्या, जागरण तुम्ही करा. जन्मभर पुरेल असे समाधान त्यात आहे. आणि शेवट झाल्यावर "सुटले एकदाचे" असे वाटले, तर तो विचार पाप मानू नका. यातना संपल्याचा तो सुस्कारा असतो.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. आपल्या वर्गात असे एखादे मूल असू शकते, ज्याच्या घरी आई अंथरुणाला खिळली आहे. त्याचा गृहपाठ अपुरा राहील, लक्ष उडेल. त्याला शिक्षा करण्याआधी एकदा बाजूला बोलावून विचारा, "घरी कसं आहे?" मोठ्यांनी त्याच्यापासून लपविले असले तरी मुलाला पुष्कळसे कळलेले असते, विचारणारे मात्र कोणी नसते.