आजारानंतरची पावले
(महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



श्रींच्या सभामंडपात आरोग्याचा विषय काढणे अस्थानी वाटू नये. सौम्य पक्षाघातातून उठलेला मनुष्य आणि त्याच्या मनगटावरील पावले मोजणारे घड्याळ यांविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला की तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, वाचा अडखळते. झटका सौम्य असल्यास रुग्ण लवकरच घरी येतो, आणि मग घरच्यांची माया सुरू होते. सूनबाई पाण्याचा तांब्या हातात देते, नातू चपला आणून ठेवतो, बाजाराची पिशवी मुलगा उचलतो. यजमान आरामखुर्चीत स्थिरावतात. परंतु एकदा झटका आलेल्यास दुसऱ्याचे भय अधिक असते, आणि बैठ्या जीवनाने रक्तदाब व मधुमेह बळावतात. म्हणून डॉक्टरांच्या अनुमतीने चालणे हे औषधांच्या जोडीचे पथ्य होय. औषधांचा पर्याय मात्र नव्हे.

घड्याळातील सूक्ष्म यंत्र हाताचे हेलकावे टिपून पावलांचा हिशेब मांडते. ‘आज पुष्कळ चाललो’ असे आपणास वाटते. आकडा खरी स्थिती दाखवितो. दहा हजार पावलांच्या संख्येने मात्र कोणी दडपून जाऊ नये. 1965 साली जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या नावाने एक यंत्र विक्रीस आले; ती संख्या तेथून रूढ झाली. सरासरी 72 वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा अमेरिकेतील अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. रोज सुमारे 2,700 पावले चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, आणि 7,500 च्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. त्या स्त्रिया पक्षाघाताच्या रुग्ण नव्हत्या. तरी थोडी वाढही उपयोगी पडते, एवढा बोध घेण्यास हरकत नाही.

पहिला आठवडा केवळ मोजावे. समजा, सरासरी 1,500 भरली, तर पुढे डॉक्टरांना विचारून शंभर-दोनशेंनी वाढवीत जावे. आपली तुलना आपल्याच कालच्या दिवसाशी करावी.

यंत्राच्या मर्यादाही जाणाव्यात. पाय घसटत सावकाश चालल्यास, हात झुलत नसल्यास किंवा त्यात काठी असल्यास मनगटावरील घड्याळ पावले कमी मोजते. अशा वेळी घोट्याला बांधण्याचा मापक अधिक भरवशाचा. शंभर पावले तोंडाने मोजून ताळा पाहावा. देवळाच्या एका प्रदक्षिणेची पावले एकदा मोजून ठेवली, तर घड्याळावाचूनही हिशेब लागेल. पावसाळ्यात ओल्या फरशीवर मात्र जाऊ नये, आणि आरंभी सोबतीला कोणी असावे. तोंड, हात वा वाचा यांत पुन्हा बिघाड दिसताच घड्याळाकडे पाहत न बसता 108 क्रमांकास कळवून तत्काळ इस्पितळ गाठावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते.

घरच्या मंडळींना एकच विनंती. ‘तुम्ही बसा, मी आणतो’ असे म्हणण्याऐवजी ‘चला, मी बरोबर येतो’ असे म्हणावे. घड्याळ आकडा दाखवील. बरोबर चालण्याचे काम घरच्यांचेच आहे. श्रीकृपेने आपणा सर्वांस पायी देवदर्शनास येण्याचे सामर्थ्य लाभो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.