नेटमधला गोलंदाज
आयपीएलचा हंगाम जवळ आला की संघांची सराव शिबिरं लागतात. नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकून बड्या फलंदाजांना तयार करणारी पोरं बहुतेकदा संघाच्या यादीत नसतात. त्यांना पाहिलं की मला पालवणकर बाळू आठवतात. पुण्यात गोऱ्या साहेबांना त्यांनी असाच सराव दिला. हिंदू संघात खेळताना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं नाही. ते धाकट्या विठ्ठलला मिळायला १९२३ उजाडलं. आपणही पदव्या घेऊन संस्थांमध्ये शिरतोय. ‘आत घेतलं ना?’ एवढ्यावर गप्प बसू नका. संघ कोण निवडतं, तेही विचारा.